पाण्याची गाठ, पाहण्याची जबाबदारी

विल्यम क्लिफर्ड हा इंग्रज गणितज्ञ. १८७७ साली त्यानं 'द एथिक्स ऑफ बिलीफ' नावाचा निबंध लिहिला आणि सुरुवातीलाच एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली. जहाज जुनं, मुळात बांधणी बेताची, अनेकदा डागडुजी झालेली. दुसऱ्या देशात स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं त्यातून जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते, की एकदा नीट तपासून घ्यावं का? पण तपासणीला पैसे लागणार. मग तो स्वतःची समजूत घालतो. इतक्या खेपा झाल्या, ही पण होईल, देव आहेच. जहाज भर समुद्रात बुडतं आणि मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास कितीही प्रामाणिक असो, हा माणूस त्या मृत्यूंचा अपराधी आहे. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी अपराध तसूभरही कमी झाला नसता.

आम्हा इंजिनिअर लोकांना ही गोष्ट फार आवडते. आमचा सगळा धंदाच 'आधी तपासा' या तत्त्वावर उभा आहे. कोड तपासा, लोड तपासा, रात्री तीन वाजता सर्व्हर पडला तर आधीच इशारा का मिळाला नाही ते तपासा. न तपासणं म्हणजे आळस, नाहीतर अप्रामाणिकपणा. हेच तत्त्व आता आम्ही स्वतःच्या शरीराला लावतो. दरवर्षी कंपनीकडून आरोग्यतपासणीचं पॅकेज येतं, त्यात थोडे जास्त पैसे भरले की अजून चार अवयव बघून मिळतात, आणि 'बघून घ्यायला काय हरकत आहे?' या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसतं. हरकत काय असू शकते, एवढंच मला इथे बघायचं आहे. त्यासाठी मी थायरॉईडमधल्या गाठी निवडल्या आहेत. त्यातल्या त्यात पाण्याच्या गाठी, कारण त्यांच्याइतका निरुपद्रवी आणि तरीही झोप उडवणारा प्रकार क्वचितच सापडेल.

आपल्याकडे 'मला थायरॉईड आहे' असं म्हणतात, जणू बाकीच्यांना नसतो. थायरॉईड सगळ्यांना असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिच्यात गाठी होणं हे केस पांढरे होण्याइतकं सर्रास आहे. हातानं चाचपून बघितलं तर शंभर माणसांत चारसहा जणांच्या सापडतात. पण सोनोग्राफीचं यंत्र लावलं, की हाच आकडा काही पाहण्यांमध्ये विसाच्या आसपास, तर काहींमध्ये साठाच्या वर जातो. म्हणजे गाठ आहे की नाही हे गळ्यावर जितकं अवलंबून, तितकंच बघण्याच्या साधनावर.

यातल्या बऱ्याच गाठींत पाणी असतं. बहुतेक वेळा साध्याच गाठीचा आतला भाग झिजतो किंवा तिथे थोडा रक्तस्राव होतो, आणि पोकळीत द्रव साचतो. संपूर्ण पाण्याची गाठ कॅन्सरची निघण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. थोडं पाणी, थोडा घट्ट भाग अशी मिश्र गाठ असेल आणि बाकी काही संशयास्पद नसेल, तर तीनाहून कमी. अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं २०१७ साली गाठींना गुण देण्याची टाय-रॅड्स नावाची पद्धत काढली. तिच्यात घट्टपणाला दोन गुण, उभट आकाराला तीन, चुन्याच्या बारीक ठिपक्यांना तीन, आणि निव्वळ पाण्याला शून्य. शून्य गुणांच्या गाठीत सुई घालू नका, असं ती पद्धत सांगते.

पण शंभरात एकाहून कमी म्हणजे शून्य नव्हे. पॅपिलरी नावाचा जो थायरॉईडचा सर्वांत नेहमीचा कॅन्सर आहे, तो कधीकधी पाण्याच्या गाठीचं रूप घेऊन बसतो. भिंतीतून आत डोकावणारा एखादा घट्ट कोंब, त्यात रक्तपुरवठा, बारीक ठिपके, अशी चिन्हं असली तर डॉक्टर सावध होतात, आणि व्हायलाच हवं. माझा प्रश्न त्या गाठींबद्दल नाही. जिथे असं एकही चिन्ह नाही आणि तरी 'शून्य नाही ना?' हा एकच शब्द माणसाला पुरून उरतो, तिथला आहे.

फिनलंडमध्ये १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर कारणांनी मेलेल्या १०१ माणसांच्या थायरॉईड ग्रंथींचे अडीच-अडीच मिलिमीटर जाडीचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. ३६ जणांच्या ग्रंथीत पॅपिलरी कॅन्सर होता. बऱ्याच गाठी कापाच्या जाडीहूनही बारीक होत्या. म्हणजे दोन कापांच्या मधे अजून किती राहून गेल्या असतील, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. ही माणसं त्या कॅन्सरसकट जगली, कामाला गेली, म्हातारी झाली, आणि दुसऱ्याच कशानं तरी गेली. त्यांना कॅन्सर होता का? सूक्ष्मदर्शकाला विचारलं तर होता. त्यांना स्वतःला विचारता आलं असतं, तर मला वाटतं 'कसला?' असं म्हणाले असते.

आता ही न विचारलेली गोष्ट जिवंत माणसांना विचारायला लागलं की काय होतं, ते दक्षिण कोरियानं दाखवलं. तिथे १९९९ साली सरकारनं कॅन्सरच्या तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. थायरॉईड तिच्यात नव्हताच. पण दवाखान्यांनी तीस ते पन्नास डॉलरच्या आसपास जादा घेऊन गळ्याची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली, आणि लोकांनी ती आनंदानं करून घेतली. २०११ सालापर्यंत थायरॉईड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या पंधरापट झालं. एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त रुग्ण. देशातला सर्वाधिक आढळणारा कॅन्सर. आणि या सगळ्या काळात थायरॉईड कॅन्सरनं मरणाऱ्यांचा आकडा वर्षाला तीनचारशेच राहिला. वर गेला नाही, खाली आला नाही. पंधरापट 'वेळेवर' निदान होऊनही वाचलेला माणूस आकड्यांत दिसेना.

सापडलेल्या जवळजवळ सगळ्यांवर उपचार झाले. बहुतेकांची पूर्ण ग्रंथी काढली, म्हणजे आयुष्यभर रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. पंधरा हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या विमा-नोंदी पाहिल्या तेव्हा अकरा टक्क्यांना शरीरातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथींची इजा झालेली होती, आणि दोन टक्क्यांच्या स्वरतंतूंना लकवा. २०१४ साली काही कोरियन डॉक्टरांनी जाहीर पत्रक काढून ही तपासणी थांबवा म्हटलं. वर्षभरात शस्त्रक्रिया एक तृतीयांशानं घटल्या.

इथपर्यंत हे सगळं सार्वजनिक आरोग्याचं गणित आहे, आणि ते मला पटतं. पण नैतिक गुंता याच्या पुढे आहे. कोरियातल्या त्या चाळीस हजारांपैकी कुठल्याही एका बाईला गाठा आणि विचारा. ती सांगेल, 'नशीब वेळेवर कळलं, वाचले.' ती खोटं बोलत नाही. तिच्या गळ्यावर व्रण आहे, हातात कॅन्सर लिहिलेला रिपोर्ट आहे, आणि ती जिवंत आहे. ऑपरेशन झालं नसतं तरी ती अशीच जिवंत असती, हे तिच्या बाबतीत कधीच सिद्ध करता येणार नाही. एकूण चाळीस हजारांबद्दल सांगता येतं, पण एकेकीबद्दल नाही. म्हणजे हे असं नुकसान आहे, की ज्याचं झालं तोच पेढे वाटतो. फिर्यादीच नाही. उलट एखाद्या डॉक्टरनं 'काही करू नका' म्हटलं आणि हजारातल्या एकाची गाठ पुढे वाईट निघाली, तर फिर्यादी नावागावासकट दारात उभा. एका बाजूला फक्त आभार आणि दुसऱ्या बाजूला फक्त शिव्या ठेवल्या, तर माणसं कुठे झुकणार हे सांगायला फार अक्कल लागत नाही. यात कुणी लबाड असायची गरजच नाही. सगळे सज्जन असले तरी हे असंच होईल.

क्लिफर्डच्या न्यायालयात नेमकं हेच बसत नाही. त्याच्या गोष्टीत चुकीच्या निर्णयाला प्रेतं आहेत. इथे प्रेतं नाहीत, नुसते कृतज्ञ लोक आहेत.

माझ्या मावशीची गोष्ट इथे सांगते, तिला विचारून सांगते आहे. ती साताऱ्याला असते, प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली, आणि भजनी मंडळात गाते. गाते म्हणजे मंडळ तिच्याच आवाजावर उभं आहे, असं बाकीच्या बायकाच म्हणतात. चक्कर येते म्हणून मानेतल्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर काढला. रक्तवाहिन्या उत्तम निघाल्या, पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती, की थायरॉईडच्या उजव्या भागात १४ मिलिमीटरची, बहुतांशी पाण्याची गाठ. गुण दोन. सुई नको, या वर्गातली.

त्या ओळीपर्यंत घरात चक्कर हा विषय होता. त्या ओळीनंतर चक्कर कुणाच्या लक्षातही राहिली नाही. मराठीत 'गाठ' हा शब्दच असा आहे, की लग्नाची बांधतात, मनाशी खूणगाठ मारतात, माणसांच्या गाठीभेटी होतात. पण शरीरातली गाठ म्हटलं, की घरातला आवाज आपोआप खाली येतो. मावसबहिणीनं मला फोन केला तेव्हा ती 'गाठ' हा शब्द कुजबुजत होती, मावशी शेजारच्या खोलीत होती म्हणून.

सुई नको असताना सुई घातलीच. मावसबहिणीला, काकांना, सगळ्यांनाच खात्री हवी होती. काळपट चहासारखं पाणी निघालं, गाठ जवळजवळ बसली, आणि आठवड्यानं उत्तर आलं की बेथेस्डा वर्ग एक. सुईनं काढलेल्या पेशींच्या निदानाचे सहा वर्ग आहेत. दुसरा म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कॅन्सर. पहिला म्हणजे सांगता येत नाही. निदान करायला पेशींचे किमान सहा पुंजके लागतात, प्रत्येकात दहा तरी पेशी. पाण्याच्या गाठीतून बऱ्याचदा नुसतं पाणीच येतं, पेशी येत नाहीत. म्हणजे या गाठी जितक्या निरुपद्रवी, तितकंच त्यांच्याकडून 'मी निरुपद्रवी आहे' असं लिहून घेणं अवघड. खात्री करायला गेलेलं घर आधी 'जवळजवळ नक्की काही नाही' या जागी होतं, ते आता 'सांगता येत नाही' या जागी आलं. गळ्यात काहीही बदललं नव्हतं.

एका सर्जननं सांगितलं, मनाला लागून राहणार असेल तर अर्धी ग्रंथी काढून टाकू, विषय संपेल. हे बोलणं मला त्या वेळी रागाचं वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. तो समोरच्या माणसांचे चेहरे बघून बोलत होता. पण 'मनाला लागून राहणं' हा मनाचा आजार आणि त्याचं ऑपरेशन गळ्याचं, हे जरा विचित्र आहे. ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राची नस जाते. तिला इजा होण्याची शक्यता चांगल्या हातात कमीच, शेकड्यात एकदोन. गाठ कॅन्सरची असण्याची शक्यताही तेवढीच, किंवा त्याहून कमी. दोन्हीकडे तीच चिमूटभर शक्यता. पण एकीला घरात सगळे 'धोका' म्हणत होते आणि दुसरीला 'थोडी रिस्क असतेच'.

मावशी म्हणाली, "अगं, तुम्ही सगळे मला न मरायला सांगताय. ते मी करतेच आहे. पण आवाज गेला तर मी गुरुवारी मंडळात जाऊन काय करू, टाळ वाजवू?"

यावर मावसबहीण जे म्हणाली ते जास्त अवघड आहे. ती म्हणाली, "गळा तुझा आहे, पण रात्रभर जागी मी असते." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. न कळण्याचा हक्क, स्वतःच्या शरीरावरचा हक्क, हे सगळं एकट्या माणसाच्या हिशेबानं लिहिलेलं असतं. घरात एक रिपोर्ट आला, की तो सगळ्यांचा होतो. मावशीनं वाट बघायचं ठरवलं, तर ती वाट फक्त तिलाच बघायची नाहीये. ज्याची भीती त्यानं आवरावी, असं म्हणणं सोपं आहे. पण आईबद्दलची भीती ही काही चूक दुरुस्त करून घालवण्यासारखी गोष्ट नाही. टक्केवारी समजावून ती जात नाही, हे मी करून बघितलं आहे.

फुकुशिमात हेच हजारो घरांत झालं. २०११च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तिथल्या अठरा वर्षांखालच्या मुलांचे गळे सोनोग्राफीनं तपासायला सुरुवात झाली. पहिल्या फेरीत तीन लाखांच्या आसपास मुलं. इथे बघण्याला सबळ कारण होतं. चेर्नोबिलनंतर किरणोत्सारी आयोडीन दुधातून मुलांच्या पोटात गेलं आणि खरोखरच थायरॉईडचे कॅन्सर झाले, हे जगाला माहीत होतं. पण निकालात जवळपास निम्म्या मुलांना 'ए-२' असा शेरा मिळाला, आणि त्यातल्या बहुतेकांना होत्या बारीक पाण्याच्या गाठी. शेऱ्याचा अर्थ होता, काही करायची गरज नाही. आईवडिलांनी त्याचा अर्थ काय घेतला असेल ते सांगायला नको. मग सरकारनं अणुभट्टीपासून लांब, आओमोरी, यामानाशी आणि नागासाकी इथल्या चार हजारांवर मुलांचे गळे त्याच यंत्रांनी पाहिले. तिथेही निम्म्याहून जास्त ए-२. लहान मुलांच्या गळ्यात पाण्याचे बारीक थेंब असतातच, एवढंच. याआधी कुणी इतक्या बारकाईनं पाहिलं नव्हतं. सापडलेल्या कॅन्सरचं वाढलेलं प्रमाणही किरणोत्सर्गामुळे नसून अतिसंवेदनशील तपासणीमुळे आहे, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीनं २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात काढला. तिथल्या अनेक कुटुंबांना तो पटलेला नाही. न पटण्याचं कारण मी समजू शकते. ज्यांनी एकदा 'काही धोका नाही' ऐकलं आणि मग घरदार सोडून बसमध्ये बसावं लागलं, त्यांनी दुसऱ्यांदा तेच शब्द का ऐकावेत?

तपासणीची किंमत सोनोग्राफीच्या बिलावर लिहिलेली नसते, ती अशी विश्वासाच्या खात्यातून वळती होते.

तरीही एक गोष्ट मला टोचत राहते. हे सगळं लिहिणारी मी पुण्यात राहते, विमा आहे, दहा मिनिटांवर तीन सोनोग्राफी सेंटर आहेत. 'जास्त तपासण्या नकोत' ही जास्त तपासण्या परवडणाऱ्यांची तक्रार आहे. गळ्यावर हाताला लागणारी गाठ पदराखाली झाकून वर्षानुवर्षं दवाखान्यात न गेलेल्या बायका आपल्याकडे आहेत. आवाज बसलाय, गिळताना अडतंय, घरात कुणाला हा कॅन्सर झालेला आहे, लहानपणी मानेवर रेडिएशन घेतलेलं आहे, अशांनी हा लेख वाचून घरी बसणं म्हणजे क्लिफर्डचा जहाजमालक होणं. त्याच्या जहाजाची एक गोष्ट आपण वाचताना विसरतो. ते जुनं होतं, डागडुजीचं होतं, आणि मालकाच्या मनात शंका खरोखर आली होती. चिन्हं समोर होती आणि त्यानं ती दाबली. अपराध चिन्हं दाबण्याचा आहे. धडधाकट जहाजाच्या फळ्या उचकटून आत काही आहे का हे न बघण्याचा नाही. शिवाय जहाज तपासल्यानं जहाज घाबरत नाही.

आणि तो दुसऱ्यांचे जीव पणाला लावत होता. मावशीनं स्वतःचा लावलाय. मावसबहिणीची झोप धरली, तर अगदी फक्त स्वतःचाही नाही.

जपानमध्येच, कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलमध्ये, अकिरा मियाउची या सर्जननं १९९३ साली एक प्रस्ताव मांडला. एक सेंटिमीटरपर्यंतचा, बाहेर न पसरलेला पॅपिलरी कॅन्सर सापडला, तर कापायचं नाही. नुसतं लक्ष ठेवायचं, वाढला तर तेव्हा कापू. लक्षात घ्या, ही पाण्याची गाठ नव्हे. हा सिद्ध झालेला कॅन्सर. १२३५ रुग्णांचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत आठ टक्क्यांची गाठ तीन मिलिमीटर किंवा जास्त वाढली, चार टक्क्यांहून कमी जणांच्या मानेतल्या लसिकाग्रंथींत आजार गेला, त्यांची ऑपरेशनं तेव्हा झाली, आणि थायरॉईड कॅन्सरनं कुणी मेलं नाही. मला त्या डॉक्टरइतकंच त्या रुग्णांचं कौतुक वाटतं. न बघणं एक वेळ सोपं असतं. बघून, नाव कळून, ते नाव कॅन्सर असून, पुन्हा सहा महिन्यांनी येतो म्हणून घरी जाणं हे वेगळंच काम आहे. आमच्या धंद्यात याची सवय असते. बगांच्या यादीत वर्षानुवर्षं पडून असलेले, सगळ्यांना माहीत असलेले, न दुरुस्त करायचे ठरवलेले बग असतात, कारण दुरुस्तीत दुसरं काही मोडेल. पण बगाला कुणाची आई म्हणत नाहीत.

काही वेळा नाव बदलल्यानंही फरक पडतो. २०१६ साली पॅथॉलॉजिस्टांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं थायरॉईड कॅन्सरच्या एका प्रकारातून 'कार्सिनोमा' हा शब्दच काढून टाकला. कवचाच्या आत राहिलेल्या अशा गाठींचे १०९ रुग्ण त्यांनी दहा ते सव्वीस वर्षं मागे जाऊन तपासले होते, सगळे जिवंत आणि निरोगी. गाठी त्याच, काचपट्ट्या त्याच. फक्त त्यापुढे ज्यांचा रिपोर्ट येईल त्यांना कॅन्सर नसेल, आणि आदल्या वर्षीच्या लोकांना होता. मला हे वाचून आधी हसू आलं. मग वाटलं, इतका प्रामाणिकपणा किती क्षेत्रांत दिसतो?

मावशीनं ऑपरेशनला नाही म्हटलं. मावसबहिणीशी तिचा करार झालाय, की वर्षानं एकदा सोनोग्राफी, त्याच सेंटरवर, त्याच डॉक्टरकडून. मधल्या काळात गळ्याकडे कुणी टक लावून बघायचं नाही. दोन वेगळ्या हातांनी मोजलं तर एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. म्हणून गाठ वाढली असं म्हणायला किमान दोन मिमितींत वीस टक्के आणि दोन मिलिमीटर तरी फरक लागतो, हे मी दोघींना कागदावर लिहून दिलंय. तो कागद मावसबहिणीनं फ्रिजवर लावला आणि मावशीनं काढून भजनाच्या वहीत ठेवला. पहिली सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे. दिवाळीच्या आधी करून टाकू, असं मावसबहिणीचं म्हणणं होतं. मावशी म्हणाली, फराळ झाल्यावर.